पोटचे नसलेले पुत्र : सरधन्याच्या बेगम समरू

उत्तर प्रदेशातील मीरत शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर सरधना नावाचा एक जुना कसबा आहे. दिल्लीभोवतालच्या राजधानी प्रदेशात आज त्याची गणना होते. दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात तेथील कृपामाता मरियेच्या यात्रेला हजारो भाविक लोटतात. त्यांत ख्रिस्ती असतात तसेच हिंदू आणि मुसलमानही असतात. नवस फेडावयास आलेल्या माता कडेवर मुले घेऊन मंदिराच्या उंच घुमटाखाली उभ्या राहतात. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी या मंदिरास बॅसिलिकेचा मान दिला.

या मंदिराच्या एका बाजूस शुभ्र संगमरवराचे एक भव्य स्मारक आहे. रोम येथील शिल्पकार आदामो तादोलिनी यांनी ते घडविले. उच्चासनावर एक वृद्ध स्त्री बसलेली आहे. तिच्या हाती बादशहाने दिलेले फर्मान आहे. आजूबाजूस तिचे दिवाण, सेनापती आणि बिशप उभे आहेत. तिच्या उजव्या हाताशी मात्र एक तरुण आहे. त्याची मुद्रा खिन्न आहे. आसनावरील स्त्री म्हणजे सरधन्याच्या बेगम समरू, आणि तो तरुण म्हणजे त्यांचा मुलगा डेव्हिड. तो त्यांच्या पोटचा नव्हता. बेगमसाहेबांना स्वतःचे अपत्य कधी झालेच नाही. तरीही त्यांच्या छत्राखाली अनेक मुले वाढली, आणि त्यांतील दोघांना त्यांनी पुत्र म्हणून आपलेसे केले. त्यांच्या लढायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्यांच्या आईपणाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

बेगमसाहेबांचा जन्म १७५० ते १७५३ च्या दरम्यान, आजच्या बागपत जिल्ह्यातील कोटाणा या गावी झाला. वडील मुसलमान सरदार घराण्यातील होते, आई त्यांची दुसरी बायको. वडील वारले आणि सावत्र भावाने मायलेकींना घरात राहणे अशक्य करून सोडले. आईने मुलीचा हात धरला आणि दिल्लीची वाट धरली. त्या काळची दिल्ली म्हणजे लुटारूंनी पुनःपुन्हा ओरबाडलेले शहर. निराधार मायलेकींना तेथे कोण विचारतो? ती मुलगी चावडी बाजारातील नर्तकींच्या वस्तीत वाढली. ज्या वयात मुलांच्या डोक्यावर बापाचा हात असावा, त्या वयात तिने बापाचे घर गमावले होते. पुढील साऱ्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१७६५ च्या सुमारास वॉल्टर राइनहार्ट नावाच्या युरोपीय शिपाईगड्याच्या नजरेस ती पडली. त्याने तिला आपल्या घरी नेले. त्याच्या काळवंडलेल्या, उदास चेहऱ्यावरून त्याला सोम्ब्र म्हणत. हिंदुस्थानी लोकांच्या तोंडी त्याचे समरू झाले. हा मनुष्य संत नव्हता. १७६३ मध्ये नबाब मीर कासीमच्या चाकरीत असताना पाटण्यास त्याने इंग्रज कैद्यांची कत्तल केली होती, आणि त्यामुळे इंग्रज त्याला जन्मभर शोधत राहिले. पुढे आपले भाडोत्री सैन्य घेऊन तो मोगल बादशहा शाह आलम याच्या पदरी राहिला आणि सरधन्याची जहागीर त्यास मिळाली. त्याची पहिली बायको हयात होती. तिला जफरयाब नावाचा एक मुलगा होता. ती वेडसर झाली होती. समरूच्या मागे बेगमसाहेबांनी या सवतीला घराबाहेर काढले नाही. ती सरधन्यासच राहिली आणि बेगमसाहेबांच्याही नंतर, १८३८ मध्ये, तेथेच वारली.

समरू ४ मे १७७८ रोजी आग्रा येथे मरण पावला. जफरयाब अजून कारभार सांभाळण्याजोगा नव्हता. तेव्हा सैन्यातील युरोपीय अधिकारी आणि शिपाई यांनी बेगमसाहेबांनाच नेतृत्व करण्याची विनंती केली, आणि दिल्ली दरबारानेही तीस संमती दिली. पंचविशीच्या आसपासची, नाजूक बांध्याची ही स्त्री एका सैन्याची आणि एका जहागिरीची धनीण झाली. तीन वर्षांनी, ७ मे १७८१ रोजी, आग्रा येथे कार्मेलाइट संघाचे फादर ग्रेगोरियो यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जोआना हे नाव त्यांनी धारण केले. सावत्र मुलगा जफरयाब याचाही बाप्तिस्मा झाला.

त्यांचा स्वभाव एका दिवसात पालटला असे समजणे भोळेपणाचे ठरेल. दोन दासींनी घरांना आग लावल्याच्या आरोपावरून बेगमसाहेबांनी त्यांना अत्यंत क्रूर शिक्षा दिली आणि जिवंत पुरविले, अशी हकीकत त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. तिचे तपशील लेखकागणिक बदलतात, परंतु तिच्याकडे डोळेझाक करून चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तलवारीच्या युगात तलवारीने जगलेली ही बाई होती. देवाची कृपा अशाही भूमीत बी पेरते, आणि उगवायला पुष्कळदा वर्षानुवर्षे लागतात.

बेगमसाहेबांच्या वाट्यास आलेले पहिले मोठे नाते एका बापाचे होते. दिल्लीचा बादशहा शाह आलम नावाचाच बादशहा राहिला होता. १७८७ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीवर चाल केली तेव्हा बेगमसाहेब आपल्या पलटणी घेऊन बादशहाच्या मदतीस धावल्या. पुढल्याच वर्षी गोकुळगढच्या लढाईत बादशहाची छावणी उधळली जाण्याच्या बेतात असताना त्यांनी पालखीत बसून आपल्या शिपायांना पुढे घातले आणि बादशहास वाचविले. कृतज्ञ झालेल्या वृद्ध बादशहाने भर दरबारात त्यांना आपली लाडकी कन्या म्हणविले आणि तशी पदवी दिली. बापाच्या घरातून हाकललेल्या मुलीला हिंदुस्थानच्या बादशहाने लेक मानले! ती पदवी बेगमसाहेब अखेरपर्यंत अभिमानाने मिरवीत राहिल्या. मानलेले नाते रक्ताच्या नात्याइतके खरे असू शकते, हा धडा त्या येथे शिकल्या असाव्यात.

मराठी वाचकांना येथे एक ओळखीचे नाव भेटेल. १७८८ मध्ये गुलाम कादिराने पुन्हा दिल्ली घेऊन बादशहाचे डोळे काढले. त्या नराधमाचा पाठलाग करून त्याला देहदंड देणारे आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविणारे होते महादजी शिंदे. दिल्लीच्या कारभाराची सूत्रे आता पाटीलबावांच्या हाती आली. त्यांनी बेगमसाहेबांची सरधन्याची जहागीर कायम केलीच, शिवाय यमुनेच्या पश्चिमेकडील मुलूखही त्यांच्याकडे दिला. बादशाहपूर-झाडसा हा त्यांचा परगणा म्हणजे आजच्या गुरुग्राम शहराचा परिसर. ज्या जागेवर आज उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत, तेथील शेतसारा एके काळी सरधन्याच्या या ख्रिस्ती बेगमेकडे जमा होत असे.

परंतु स्वतःच्या घरात मात्र आईपणाची पहिली परीक्षा त्यांना साधली नाही. जफरयाब त्यांचा सावत्र मुलगा. बापाच्या गादीवर आपला हक्क असताना सावत्र आई राज्य करते, हे शल्य त्याला सलत असावे. त्या दोघांत माया कधी जुळलीच नाही. १७९३ मध्ये बेगमसाहेबांनी लेव्हासू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याशी गुप्तपणे विवाह केला. ही गोष्ट सैन्याला रुचली नाही. १७९५ मध्ये पलटणींनी बंड केले आणि जफरयाबला आपला धनी म्हणून पुढे आणले. नवराबायको रातोरात पळून जात असता पाठलाग झाला. पकडले गेल्यास दोघांनी जीव द्यावयाचा असे ठरले होते. बेगमसाहेबांनी स्वतःवर कट्यार चालविली, परंतु जखम वरवरची झाली. रक्ताने माखलेले वस्त्र पाहून लेव्हासूने मात्र स्वतःला गोळी घालून घेतली. शिपायांनी बेगमसाहेबांना सरधन्यास परत आणले आणि तोफेला बांधून कित्येक दिवस उन्हात ठेवले. सावत्र मुलगा गादीवर बसला होता.

या प्रसंगी त्यांना वाचविले ते जॉर्ज टॉमस नावाच्या आयरिश माणसाने. टिपरेरीच्या गरीब घरातला हा खलाशी मद्रासला जहाज सोडून पळाला आणि फिरत फिरत १७८७ मध्ये बेगमसाहेबांच्या चाकरीत आला. गोकुळगढला त्याने पराक्रम गाजविला होता. नंतर दोघांत बिनसले, तो आपा खंडेराव या मराठा सरदाराकडे निघून गेला, आणि बेगमसाहेबांनी त्याच्यावर फौज धाडण्याचीही तयारी केली होती. तरी संकटकाळी त्यांनी त्यालाच निरोप धाडला. टॉमसने जुने वैर मनात धरले नाही. मराठा सरदारांच्या साहाय्याने तो सरधन्यावर चालून आला आणि बेगमसाहेबांना पुन्हा गादीवर बसविले. जफरयाब कैदी होऊन दिल्लीस गेला आणि काही वर्षांनी तेथेच वारला.

वाचकहो, या कथेचा खरा भाग येथून पुढे आहे. शत्रू आणि मित्र अशा दोन पुरुषांची मुले आता बेगमसाहेबांच्या दाराशी येणार होती.

जॉर्ज टॉमसने पुढे हांसीस स्वतःचे छोटे राज्य उभारले होते. शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीच्या फौजांनी ते मोडले. पराभूत टॉमस मायदेशी परतावयास निघाला, आणि वाटेतच, ऑगस्ट १८०२ मध्ये, बंगालमधील बहरामपूर येथे त्याचा अंत झाला. निघण्यापूर्वी आपली बायको आणि मुले त्याने बेगमसाहेबांच्या स्वाधीन केली होती. तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी ती भावंडे होती. बेगमसाहेबांनी या कुटुंबास आसरा दिला, मुलांना वाढविले, त्यांची लग्ने केली. थोरला जॉन टॉमस याला तर त्यांनी आपला पुत्र मानले. आपल्या मृत्युपत्रात त्याच्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी त्यांनी वेगळी तरतूद केली. आयरिश बापाचा मुलगा, हिंदुस्थानी बेगमेच्या महालात, ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेला! देश, वंश आणि भाषा यांच्या भिंती ओलांडून दत्तक घेण्याची गोष्ट आज आपणास नवीन वाटते. दोनशे वर्षांपूर्वी सरधन्यास ती साध्या कृतज्ञतेपोटी घडली होती.

दुसरे मूल शत्रूच्या घरातले होते. कैदेत मेलेल्या जफरयाबची एकुलती मुलगी ज्युलियाना मागे राहिली होती. ज्याने आपणाला तोफेशी बांधू दिले, त्याची ही मुलगी. बेगमसाहेबांनी तिला टाकले नाही. १८०६ मध्ये आपल्याच सैन्यातील जॉर्ज डाइस या स्कॉटिश वंशाच्या अधिकाऱ्याशी त्यांनी तिचे लग्न लावून दिले. १८ डिसेंबर १८०८ रोजी ज्युलियानाला मुलगा झाला. दिल्लीचे इंग्रज रेसिडेंट ऑक्टरलोनी यांच्या नावावरून त्याचे नाव डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस असे ठेवण्यात आले. पुढे दोन मुलीही झाल्या. ज्युलियाना १८२० मध्ये वारली.

डेव्हिड तान्हा असल्यापासून बेगमसाहेबांच्याच महालात वाढला. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे आधी संगोपन होते आणि दत्तकविधान नंतर. कागदावर पुत्र होण्याच्या वीस-बावीस वर्षे आधीच तो मांडीवर पुत्र झाला होता. त्याच्या शिक्षणाची त्यांनी काळजी वाहिली. मीरतच्या छावणीतील इंग्रज धर्मगुरू रेव्हरंड फिशर यांच्याकडे त्याला शिकावयास ठेवले. तो फारसी आणि उर्दू शिकला, इंग्रजी शिकला. युरोपीय रक्त, हिंदुस्थानी वाढ, मोगली दरबारी रीतिरिवाज आणि ख्रिस्ती धर्म, इतक्या साऱ्यांचे मिश्रण त्या एका मुलात झाले होते. त्याने लिहिलेल्या रोजनिशीचे काही भाग आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांतून हे दुहेरी जग स्पष्ट दिसते.

परंतु एक गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे. डेव्हिडचा जन्मदाता बाप जिवंत होता, आणि त्याच राजवाड्याचा कारभार पाहत होता. कर्नल डाइस यांचा स्वभाव करडा होता. बेगमसाहेबांचा त्यांच्यावरील विश्वास उडाला आणि १८२७ मध्ये त्यांना कारभारावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी कोणाला नेमले? अठरा-एकोणीस वर्षांच्या डेव्हिडला! बापाची खुर्ची मुलाला मिळाली आणि बापलेकांचे नाते कायमचे दुभंगले. पुढे बापाने मुलावर दावा लावण्यापर्यंत मजल गेली. १८३८ मध्ये कलकत्त्यास बाप वारला. दत्तक घेणाऱ्याने मुलाला सर्व काही द्यावे, परंतु जन्मदात्याविषयीची त्याच्या मनातील जागा मोकळी ठेवावी, एवढे शहाणपण या महालात कोणाला सुचले नाही. त्याचे मोल डेव्हिडने आयुष्यभर मोजले.

दरम्यान राजकारणाचे वारे बदलले होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत बेगमसाहेबांच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. मराठ्यांचा पराभव झाला. बेगमसाहेबांच्या पलटणी मात्र फारशा न मोडता माघारी आल्या. त्यानंतर १८०५ मध्ये इंग्रजांशी तह झाला. त्यात एक अट होती. सरधन्याची जहागीर बेगमसाहेबांच्या हयातीपुरतीच राहील, त्यांच्या मागे ती कंपनी सरकारात जमा होईल. म्हणजे ज्या मुलाला त्या वारस म्हणून वाढवीत होत्या, त्याला राज्य मिळणार नव्हते. हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी त्याला वाढविले.

शांततेची ही वर्षे त्यांनी धर्मकार्यात वेचली. इटालियन अधिकारी आंतोनिओ रेगेलिनी यांच्या देखरेखीखाली, सुमारे चार लाख रुपये खर्चून, सरधन्याचे मंदिर उभे राहिले. त्यावरील लेखात १८२२ हे साल आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात त्यांनी एक प्रशस्त वाडा बांधला. तोच आज भगीरथ पॅलेस या नावाने विजेच्या सामानाची मोठी बाजारपेठ झाला आहे. पोप सोळावे ग्रेगरी यांच्याकडे त्यांनी दीड लाख रुपये धर्मकार्यासाठी पाठविले. १८३४ मध्ये सरधन्यास स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळून ज्युलियस सीझर स्कोटी हे तेथील बिशप झाले. अँग्लिकन मंडळीच्या कार्यासही त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. बेगमसाहेबांच्या दारी पंथाचा भेद चालत नसे. आपल्या प्रजेतील हिंदू-मुसलमानांचे सणही त्यांच्या महालात साजरे होत.

आता दत्तकाच्या कागदाचा प्रश्न उभा राहिला. हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणे दत्तक घेता येत असे. इस्लामी कायदा दत्तकास वारसा देत नव्हता. आणि ख्रिस्ती माणसासाठी कोणता कायदा? खुद्द इंग्लंडमध्येच दत्तकाचा कायदा १९२६ पर्यंत झालेला नव्हता. तेव्हा बेगमसाहेबांनी मृत्युपत्र आणि दानपत्र यांचा आधार घेतला. १६ डिसेंबर १८३१ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले, आणि १८३४ च्या डिसेंबरात दानपत्र करून आपली खाजगी मालमत्ता डेव्हिडच्या नावे केली. त्याने सोम्ब्र हे आडनाव धारण करावे अशी त्यांची इच्छा होती. त्याच १८३१ सालात डेव्हिडच्या दोन्ही बहिणींची लग्नेही त्यांनी लावून दिली. एकीचा नवरा इंग्रज अधिकारी, दुसरीचा इटालियन.

२७ जानेवारी १८३६ रोजी बेगमसाहेबांनी देह ठेवला. वय पंच्याऐंशीच्या घरात होते. ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी सरधना ताब्यात घेतले. बादशाहपूरचा परगणा आणि सैन्याची हत्यारेही त्यांनी सोडली नाहीत. परगण्यावरून दीर्घकाळ खटला चालला. डेव्हिडच्या हाती प्रचंड संपत्ती राहिली, परंतु त्याचे घर मात्र गेले.

पुढे तो तरुण हिंदुस्थान सोडून निघाला. १८३८ मध्ये तो विलायतेस पोहोचला. पुढल्या वर्षी २७ जानेवारीस रोम येथे त्याने आईच्या तिसऱ्या पुण्यतिथीचा महामिस्सा करविला. पुढे कार्डिनल झालेले निकोलस वाइजमन यांनी त्या प्रसंगी प्रवचन केले. १८४० मध्ये त्याने एका इंग्रज उमरावाच्या मुलीशी लग्न केले. १८४१ मध्ये सडबरी मतदारसंघातून तो ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. हिंदुस्थानी वंशाचा तो तेथील पहिला सभासद. परंतु मतदारांना लाच दिल्याच्या कारणावरून ती निवडणूक १८४२ मध्ये रद्द झाली. लग्नही टिकले नाही. बायकोविषयी त्याच्या मनात संशयाचे भूत शिरले. १८४३ मध्ये इंग्लंडात त्याला वेडा ठरविण्यात आले आणि त्याच्या संपत्तीवरील अधिकार काढून घेण्यात आला. तो फ्रान्सला निसटला. आपण वेडे नाही हे सिद्ध करण्यासाठी १८४९ मध्ये त्याने एक जाडजूड ग्रंथ छापला. न्यायालयाचे मन पालटले नाही. १ जुलै १८५१ रोजी लंडनमध्ये तो मरण पावला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

त्याची शेवटची इच्छा काय होती? आपल्या पैशातून सरधन्याच्या राजवाड्यात मुलांसाठी शाळा निघावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. वेड्या माणसाचे मृत्युपत्र म्हणून न्यायालयाने ते नाकारले. १८६७ मध्ये त्याचे अवशेष सरधन्यास आणून बेगमसाहेबांच्या शेजारी पुरण्यात आले. सोळा वर्षांनी का होईना, मुलगा आईजवळ आला. पुढे त्याच राजवाड्यात कॅथलिक मिशनची शाळा भरू लागली. माणसांनी नाकारलेले मृत्युपत्र देवाने आपल्या रीतीने अमलात आणले, असे म्हणावेसे वाटते.

हे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? बेगमसाहेबांना आदर्श माता म्हणून पूजावे असे नाही. त्यांनी मुलाला संपत्ती दिली आणि त्या संपत्तीमागे खटलेच त्याच्या वाट्यास आले. त्याला नाव दिले, परंतु बापाशी झालेली ताटातूट सांधून दिली नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरात निःसंशय पडते. ज्याच्यामुळे त्या विटंबनेच्या तोफेपर्यंत पोहोचल्या, त्याच्या मुलीला त्यांनी घरात ठेवले आणि नातवाला पुत्र केले. संत पौल याने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत दत्तकपणाचा दाखला दिला आहे. देवाचे वैरी असलेल्या आपणांस त्याने ख्रिस्ताच्या द्वारे पुत्र करून घेतले आणि आपल्या वतनाचे वाटेकरी केले, असे तो शिकवितो. सरधन्याच्या महालात त्या शिकवणीची एक पुसट, डागाळलेली, तरीही ओळखू येणारी छाया पडली होती.

बेगमसाहेबांना ज्या अडचणीतून मृत्युपत्राची वाट शोधावी लागली, ती अडचण भारतातील ख्रिस्ती कुटुंबांना त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ भेडसावत राहिली. १९५६ चा दत्तक कायदा केवळ हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली मुलाचे पालकत्व तेवढे मिळे. मूल सज्ञान होताच ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे, आणि वारसाहक्क नसे. आपल्यापैकी कित्येकांच्या परिचयातील घरांनी हे दुःख सोसले असेल. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये तो सुधारला गेला, आणि सर्व धर्मांच्या लोकांना दत्तकाचे दार उघडले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या नव्या कायद्याने दत्तक मूल सर्व दृष्टींनी त्या आईबापांचेच मूल ठरते. दिल्लीतील केंद्रीय दत्तक प्राधिकरण देशातील आणि परदेशी जाणाऱ्या दत्तक मुलांची व्यवस्था पाहते. शिवाय ज्या मुलांना घर मिळत नाही, त्यांना काही काळ कुटुंबात सांभाळण्याची संगोपन योजनाही आहे. मूल दत्तक देण्यास मोकळे असेल, तर दोन वर्षांच्या संगोपनानंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेण्याची वाट आता खुली आहे. आधी मांडीवर आणि मग कागदावर, हा सरधन्याचाच क्रम येथे कायद्याने मान्य केला आहे.

एक मूल घरात आल्यावर दुसऱ्यासाठी दार उघडणे सोपे नसते. पहिल्याला परक्या देशातून वा परक्या घरातून आणलेले असो, दुसरे आपल्याबरोबर आपली जखम, आपले जुने नाव आणि कुठेतरी जिवंत असलेल्या आईबापांची आठवण घेऊन येते. त्याला आपल्या घरातील जागा द्यावयाची असेल, तर त्याच्या आठवणींनाही जागा द्यावी लागते. डेव्हिडची खिन्न संगमरवरी मुद्रा आपणास हेच सांगत असते.

सरधन्याच्या यात्रेस कधी गेलात, तर त्या स्मारकापुढे क्षणभर थांबा. चावडी बाजारातली निराधार पोर, बादशहाने लेक मानलेली सेनानी, आणि दोन परक्या मुलांची आई, अशा तिन्ही स्त्रिया त्या एकाच आसनावर बसलेल्या आहेत. तिच्यासाठी, तिच्या डेव्हिडसाठी, आणि आजही अनाथालयाच्या फाटकाशी कोणाची तरी वाट पाहणाऱ्या लेकरांसाठी एक प्रार्थना करा. कदाचित त्या प्रार्थनेचे उत्तर तुमच्याच घराचे दार असेल.